मुक्त सॉफ्टवेअर : शाळेत शिकलेलं मुलांना घरी नेता यावं म्हणून



आज जरा वेगळा विषय घेतला आहे. शाळेत, घरात, ग्रामपंचायतीत, दुकानात आपण रोज संगणक वापरतो. निकालपत्रक करतो, प्रश्नपत्रिका टाइप करतो, स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ बघतो. पण त्यातलं सॉफ्टवेअर कोणाचं आहे, त्याचे पैसे दिलेत का, ते दुसऱ्याला द्यायची आपल्याला परवानगी आहे का, हे आपण सहसा विचारत नाही. संगणक दुरुस्त करणारा म्हणतो, "सगळं टाकून देतो." दोन-तीनशे रुपये घेतो आणि आपण खूश होऊन मशीन घरी आणतो. त्या 'सगळं'मध्ये बहुतेक वेळा कुलूप तोडलेलं महागडं सॉफ्टवेअर असतं.

यावर एक सरळ, कायदेशीर आणि बिनखर्चाचा मार्ग आहे, तो म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. मी काही संगणकतज्ज्ञ नाही. डी.एड.ला जेवढा संगणक शिकले तेवढाच माझा पाया, बाकी सगळं शाळेच्या गरजेपोटी शिकत गेले. मला जमलं म्हणजे तुम्हालाही जमेल, म्हणून हे लिहिते आहे.

फुकट वेगळं, मुक्त वेगळं

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात आणि त्यामुळे बराच गोंधळ उडतो. आपल्या मराठीत सुदैवाने दोन वेगळे शब्द आहेत. फुकट म्हणजे पैसे न देता मिळालेलं. मुक्त म्हणजे ज्याला बंधन नाही असं. मोबाइलमधली कितीतरी ॲप फुकट असतात, पण ती मुक्त नसतात. ती आतून कशी चालतात हे आपल्याला बघता येत नाही, आणि मालकाने उद्या पैसे मागितले तर आपल्या हातात काही नसतं.

हे समजायला चकलीच्या भाजणीचं उदाहरण घेऊ. दुकानातून तयार भाजणीचं पाकीट आणलं तर चकली होते, पण त्यात तांदूळ किती, हरभरा डाळ किती, धणे-जिरे किती हे आपल्याला कळत नाही. आजीने प्रमाण लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. मग ते आपण वाचू शकतो, घरातल्या लहानग्यासाठी बदलू शकतो, शेजारच्या काकूंना देऊ शकतो आणि काकू त्यात आपली भर घालून पुढे देतात. सॉफ्टवेअरच्या या 'प्रमाणा'ला सोर्स कोड म्हणतात. ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं की ते मुक्त किंवा मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर.

त्यात वापरणाऱ्याला चार हक्क मिळतात. कोणत्याही कामासाठी वापरायचं, आतून कसं चालतं ते बघून बदलायचं, प्रती काढून वाटायच्या, आणि आपण सुधारलेली प्रतही वाटायची. यातला तिसरा हक्क आपल्या शिक्षकांसाठी सगळ्यात मोलाचा आहे. का, ते पुढे सांगते.

हे आलं कुठून?

याची सुरुवात एका प्रिंटरपासून झाली म्हटलं तरी चालेल. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रामर काम करत. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना संदेश जाईल अशी सोय त्यांनी कोडमध्ये केली होती. १९८० च्या सुमारास नवा प्रिंटर आला. त्याचा कोड काही मिळेना, त्यामुळे तशी साधी सोयही करता येईना. ज्यांच्याकडे तो कोड होता त्यांनी तो न देण्याचा करार केलेला होता. आपल्याकडच्या दुरुस्तीच्या कामात दुसऱ्याला मदत करायलाच मनाई, ही गोष्ट स्टॉलमन यांच्या मनाला लागली. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. पुढे १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून लोकांसमोर ठेवला. या दोन कामांची सांगड बसली आणि संगणकाची पूर्ण मुक्त प्रणाली तयार झाली.

"हे आपलं काम नाही, मोठ्या लोकांचं काम आहे," असं वाटत असेल तर खिशातला मोबाइल काढा. अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात लिनक्सच आहे. व्हिडिओ बघायला आपण वापरतो तो केशरी शंकूचं चित्र असलेला व्हीएलसी प्लेअर पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी सुरू केला आणि २००१ मध्ये मुक्त केला. म्हणजे आपण हे आधीपासून वापरतो आहोत, फक्त त्याचं नाव आपल्याला माहीत नव्हतं.

"मॅडम, हे घरी नेता येईल का?"

आमच्या शाळेत लोकवर्गणीतून आलेले चार जुने संगणक आहेत. त्यांवर मी मुलांसाठी दोन गोष्टी ठेवल्या आहेत. एक टक्स पेंट. हा लहान मुलांसाठी केलेला चित्रकलेचा प्रोग्राम आहे, मोठी बटणं, शिक्के, आवाज, सगळं मुलांच्या हाताला सोपं. दुसरं जीकॉम्प्री. फ्रेंच भाषेत या नावाचा उच्चार 'मला समजलं' या अर्थाच्या शब्दांसारखा होतो. किती समर्पक नाव आहे बघा! २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी त्यात शंभराहून जास्त खेळ आहेत. माउस धरायला शिकण्यापासून बेरीज-वजाबाकी, घड्याळ, नकाशे, तराजू, बुद्धिबळापर्यंत.

चौथीतल्या एका मुलीने एके दिवशी विचारलं, "मॅडम, हे आमच्या घरच्या लॅपटॉपवर टाकून द्याल का?" तिच्या घरी मोठ्या भावाच्या कॉलेजसाठी घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप होता. दुसऱ्या दिवशी तिचे वडील टेम्पो शाळेसमोर उभा करून आत आले. हातात पेनड्राइव्ह. आधी उभ्याउभ्याच विचारलं, "मॅडम, याचे पैसे किती? आणि असं देता येतं का? नंतर काही लफडं नको."

त्यांना वाटलं होतं की मी शाळेचं काहीतरी चोरून देते आहे. खरं सांगते, मला त्यांचा हा प्रश्न फार आवडला. जो माणूस मुलीसाठी घेतानाही हे विचारतो, त्याला सरळ उत्तर मिळायला हवं. मी म्हटलं, "दादा, पैसे काही नाहीत. आणि हे देता येतं. ज्यांनी बनवलं त्यांनीच तसं लिहून दिलंय. तुम्हीसुद्धा पुढे कुणाला हवं तर द्या." त्यांनी पेनड्राइव्ह पुढे केला. त्या आठवड्यात आणखी तीन पेनड्राइव्ह आले.

शिक्षक मित्रांनो, थोडा विचार करा. आपण वर्गात डबा वाटून खायला शिकवतो, रबर-पेन्सिल मित्राला द्यायला शिकवतो, आणि दुसऱ्याची वस्तू न विचारता घेऊ नये हेही शिकवतो. विकतच्या बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये हे दोन संस्कार एकमेकांशी भांडतात. मित्राला द्यावं तर चोरी होते, देऊ नये तर आपलाच पाठ खोटा पडतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे भांडण राहत नाही. वाटणं हाच नियम.

आणि ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांचं काय? आपल्याकडे बहुतेक घरांत मोबाइलच असतो. जीकॉम्प्री अँड्रॉइडवरही चालतं. रील बघत बसण्याऐवजी मूल अर्धा तास त्यावर खेळलं तर कुठल्या पालकाला नको आहे?

कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे, संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत माहीत असून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं. कोणाला घाबरवायचं म्हणून हे लिहीत नाही. आपल्या प्राथमिक शाळेत उद्या कोणी धाड टाकेल असंही नाही. पण 'सगळं टाकून देतो'वाल्या मशीनमध्ये कुलूप तोडण्यासाठी जी छोटी फाइल चालवतात, तिच्यातूनच अनेकदा व्हायरस शिरतो. ज्या संगणकावर मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, पालकांचे बँक खाते क्रमांक आहेत, त्यावर कुणी बनवली हे माहीत नसलेली फाइल चालवणं परवडणारं नाही.

जुना संगणक भंगारात टाकू नका

विंडोज १० ला मिळणारं नेहमीचं मोफत सुरक्षा अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबलं. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, शिवाय प्रोसेसरही ठरावीक पिढीच्या पुढचा लागतो. शाळांना दान मिळालेले, कंपन्यांनी वापरून दिलेले कितीतरी संगणक या अटीत बसत नाहीत. मशीन चांगलं असतं, नुसतं 'जुनं' ठरतं.

अशा मशीनवर लिनक्स मिंटची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती चालते. तिला किमान २ जीबी रॅम पुरते, ४ जीबी असेल तर काम आरामात होतं. दिसायलाही ती ओळखीची वाटते. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, पडद्यावर फोल्डर, सगळं सवयीचं. आमच्या चारपैकी दोन संगणकांवर मी तीच ठेवली आहे. मुलांना फरक जाणवलाच नाही. फरक आपल्याला, मोठ्यांना जाणवतो, कारण आपली बोटं सवयीने चालतात.

मराठीसाठी यात काय आहे?

आपल्यापैकी अनेकांकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वी टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका, भाषणं, हस्तलिखितं पडून आहेत. उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. याचं कारण असं, की जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागीच मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर नसला की मजकूर गेला. विकतचा फॉन्ट, त्याचं सॉफ्टवेअर आणि ते बसवणारा माणूस, यातलं एक जरी हरवलं तरी आपलं लिखाण आपल्यालाच वाचता येत नाही.

युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे मजकूर कुठेही उघडतो. त्याला जोडीला मुक्त फॉन्टही मिळतात. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले मुक्ता आणि बलू हे सुंदर देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याखाली आहेत. पाठाचा तक्ता, बॅनर, मुलांचं हस्तलिखित, कशातही बिनधास्त वापरा. लिनक्समध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळफलक सेटिंगमधून जोडता येतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस यांचे मेनूही मराठीत मिळतात. ते भाषांतर करण्यात मराठी स्वयंसेवकांचा हात आहे. एखादा शब्द चुकीचा वाटला तर आपणही सुधारणा सुचवू शकतो. 'आपल्या भाषेचं काही होत नाही' असं म्हणत बसण्यापेक्षा हे बरं, नाही का?

केरळने करून दाखवलं

"एक-दोन शाळांचं ठीक आहे, सगळ्यांना कसं जमेल?" हा प्रश्न मला केंद्रातल्या शिक्षण परिषदेत एका सरांनी विचारला. उत्तर केरळमध्ये आहे. तिथे २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला. पुढे तिथल्या सरकारी शाळांमधलं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आलं. आज 'काइट' ही तिथली सरकारी संस्था हे काम बघते आणि उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली शाळांना देते. सुरुवातीपासून त्यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला, मशीन देऊन मोकळे झाले नाहीत. मुख्य धडा तोच आहे.

केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरविषयी धोरण जाहीर केलं आहे, त्यात सरकारी प्रणालींसाठी अशा सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं असं म्हटलं आहे. आणि आपल्या मुंबईतल्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प लिब्रेऑफिससारख्या मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे व्हिडिओ पाठ मोफत देतो, त्यातले कितीतरी मराठीत आहेत. एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला आपलं काम, असं करत शिकता येतं.

अडचणी येतात, त्या लपवत नाही

सगळं गोड आहे असं सांगितलं तर तुम्ही पहिल्याच अडचणीला सोडून द्याल. म्हणून आधीच सांगते.

केंद्रावरून आलेली तक्त्यांची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली की कधी रकाने सरकतात, कधी फॉन्ट बदलतो. बहुतेक वेळा मूळ फॉन्ट आपल्याकडे नसतो हे कारण असतं. आपण फाइल पाठवताना छापायची असेल तर पीडीएफ करा. पुढच्याला भरायची असेल तर 'सेव्ह ॲज'मध्ये जाऊन त्याच्या सॉफ्टवेअरचा प्रकार निवडा. पुढचा माणूस काही आपल्यासाठी सॉफ्टवेअर बदलणार नाही, हे धरूनच चालायचं.

काही छोटे लेझर प्रिंटर लिनक्सवर त्रास देतात. प्रिंटर घेण्याआधी तो लिनक्सवर चालतो का हे विचारा. डिजिटल सहीचं काम, दुकानदारांचं हिशोबाचं सॉफ्टवेअर, छापखान्यात चालणाऱ्या डिझाइनच्या फाइली, ही कामं ज्यांची रोजची आहेत त्यांनी निदान एक विंडोज मशीन ठेवावं, रीतसर विकत घेतलेलं. आमच्याही कार्यालयातला एक संगणक तसाच आहे. त्यात कमीपणा काही नाही.

आणि सगळ्यात मोठी अडचण, तक्रार करायला समोर माणूस नसतो. बिघडलं तर आपल्यालाच शोधावं लागतं, कुणाला तरी विचारावं लागतं. वेळ जातो. तो वेळ कोणी भरून देत नाही.

सुरुवात कशी करायची?

एकदम सगळं बदलू नका. मी सांगते त्या क्रमाने करा.

१) आहे त्या विंडोजवरच सुरुवात करा. फायरफॉक्स, व्हीएलसी आणि लिब्रेऑफिस त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवरून घ्या. भलत्याच ठिकाणाहून डाउनलोड करू नका.

२) पुढचा एक महिना नवी कामं लिब्रेऑफिसमध्ये करा. रायटरमध्ये प्रश्नपत्रिका, कॅल्कमध्ये हजेरी आणि निकाल, इम्प्रेसमध्ये पाठाच्या स्लाइड. जुन्या फाइलींना हात लावायची गरज नाही.

३) मुलांसाठी टक्स पेंट आणि जीकॉम्प्री टाका. मुलांना शिकवायला जाऊ नका, नुसतं उघडून द्या. दोन दिवसांत तीच तुम्हाला शिकवतील.

४) मग एका पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घ्या. पेनड्राइव्हमधला आधीचा डेटा या कामात पुसला जातो, म्हणून रिकामा घ्या. संगणक त्यावरून सुरू करून बघा. आतलं काही न बदलता सगळं चालवून पाहता येतं. आवाज, वायफाय, प्रिंटर चालतो का तपासा.

५) समाधान झालं तरच बसवा, आणि त्याआधी सगळ्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. पहिल्यांदा सगळ्यात जुन्या, कोणी न वापरणाऱ्या मशीनवर करा.

पालकांनो, तुम्हाला चौथी-पाचवी पायरी अवघड वाटली तर पहिल्या तीनच करा. तेवढ्यानेही खूप फरक पडतो. मुलासाठी नवा लॅपटॉप घेताना दुकानदाराला एवढंच विचारा, "यात जे टाकलंय त्याचं बिल देणार का?" उत्तर देताना तो जरा थांबला, तर काय समजायचं ते समजा.

शिक्षक मित्रांनो, शाळेला मिळणारं अनुदान किती असतं हे तुम्हाला सांगायला नको. त्यातून परवाने विकत घेण्यापेक्षा एक चांगला कीबोर्ड, दोन माउस आणि यूपीएसची बॅटरी घेतली तर मुलांचे हात संगणकाला जास्त लागतील. आणि आपल्या वर्गातलं मूल जे शिकलं ते त्याच्या घरी, त्याच्या भावंडांपर्यंत, कुणाचं काही न चोरता पोहोचेल. आपल्या शाळांमध्ये येणारी मुलं कुठल्या घरांतून येतात हे आपण रोज बघतो. त्यांच्यासाठी एवढं तरी करूया.

तुमच्या शाळेत कोणी हे आधीच वापरत असेल तर तुमचे अनुभव इतर शिक्षकांना जरूर सांगा. अडलं तर जवळच्या शाळेत विचारा, आणि जमलं तर जवळच्या शाळेला शिकवा.